चाचांचा तळहात

“हिला तोंडच न्हाई की,” दस्तगीर चाचा माझ्या पोरीच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीपुढं उभे राहून म्हणाले. “जाळी कुठाय? नुसती साबणाची वडी.”

पूनमचा चेहरा उतरला. हातातला नारळ तिनं खाली केला. नोकरीला लागल्यावरची तिची पहिली गाडी. आणि आमच्या मिरजेतल्या गल्लीत चाचांचा तळहात फिरल्याबिगर गाडीची पूजा होत न्हाई. चाळीस वर्षं गाड्यांचे पोचे काढलेला हात तो. नव्याकोऱ्या गाडीतबी त्याला एखादा खळगा घावतोच.

चाचांनी तळव्याखाली रुमाल धरला, डोळे मिटले आणि दिव्यापासून डिकीपर्यंत हात सरकवत नेला. परत फिरले. मग रुमाल टाकून उघड्या हातानं गेले. दाराच्या फटीवरबी बोट अडखळलं न्हाई. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या.

“फोडू का नारळ, चाचा?” पूनमनं हळूच विचारलं.

“लांब तिकडं, भिंतीजवळ फोड, बेटा,” चाचा म्हणाले. हात अजून पत्र्यावरच होता. “करवंटीचा तुकडा उडून लागला, तर हिला परत अशी करणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”