पोपटाचा आवाज

गेल्या महिन्यात माझी लेक रत्नमाला वारली. लहानपणी ती शाळेत गेली, की तिच्या कॉम्प्युटरवरचा एक पोपट मला अक्षरं शिकवायचा. तो पुन्हा ऐकावा म्हणून छावणी भागातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्या पोपटाच्या खेळाचं नाव सांगता येईना. तेव्हा मला वाचता कुठं येत होतं!

दुकानदारानं खुणांवरून तो आपल्या मशीनवर शोधला. मी मुद्दाम चुकीचं अक्षर दाबलं.

"चूक. पुन्हा प्रयत्न करा," पोपट म्हणाला.

"ह्यो नाय, बाबा. आमचा म्हणायचा, 'माय, चुकलं की गं!'"

"कंपनीचा पोपट माय कशाला म्हणंल, मावशी? ह्यात आपला आवाज भरता यायचा, तो पोपटासारखा निघायचा. पोरीनंच भरला असंल. जुनं मशीन आणा, काढून देतो."

तिच्या दहाव्याला पाहुण्यांना जागा व्हावी, म्हणून ते बंद मशीन मी भंगारवाल्याला दिलं होतं.