खिडकीतला पेला

श्वासातले जंतू ओळखणारा चौकटीवरचा श्वासदिवा लाल झाला तेव्हा दारात एकट्या गोदाक्का उभ्या होत्या.

“बिघडलाय मेला,” त्या म्हणाल्या. बाहेर जाऊन श्वास रोखून पुन्हा आत आल्या, पण उंबऱ्यातच खोकला आला आणि दिवा पुन्हा लाल झाला.

सून मृणाल आत चहा ठेवत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या श्वासात क्षयाचे जंतू सापडले, तेव्हा हाच दिवा गोदाक्कांना खरा वाटला होता. औषधं पुरी होऊन तिच्यासाठी तो हिरवा झाला, तेव्हा मात्र “दिव्याला काय कळतंय?” म्हणत त्यांनी तिचा पेला वेगळाच ठेवला. दोरा बांधलेला तो स्टीलचा पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा, आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून खिडकी कायम बंद.

गोदाक्कांनी आता तो पेला स्वतःच उचलून सुनेपुढे धरला. “माझा चहा यात ओत.”

मृणालनं पेला त्यांच्या हातून काढून घेतला. “हा माझा आहे, आत्याबाई.” दोरा सोडून तिनं तो बाकीच्या भांड्यांत घासायला टाकला आणि चहा नेहमीच्या कपात ओतला. “भांड्यातून नाही पसरत हा आजार. उद्या दवाखान्यात जाऊ, गोळ्यांनी बरा होतो.”

“मग पसरतो कशानं?”

“खोकल्यातून, कोंडलेल्या हवेत.” मृणाल खिडकीची गंजलेली कडी ओढत होती. “दोन वर्षं बंद आहे ही. जरा हात लावा.”