दोन नमुने

धाकटी जाऊ चहाला गेली तशी थोरलीने बेकरीचं दार लोटलं, आणि धाकटीच्या पाव निववायच्या जाळीवरचे सगळ्यांत उंच पाव उचलून आपल्या जाळीवर ठेवले. आपल्या जाळीवरचे तेवढेच बसके पाव तिकडे सरकवले. परक्याने उचललं तर ती चोरी. घरातल्या घरात ती आवराआवर, अशी तिने मनाची समजूत घातली. मन सोयीचं होतं, लगेच पटलं.

नाक्यावरच्या हॉटेलवाल्याने रोजच्या पावाची ऑर्डर देऊ केली होती. वर म्हणाला होता, "पण धाकट्या वहिनींनी केलेला पाठवा हं, काय फुगतो!" ते ऐकल्यापासून थोरलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नवी नवरी म्हणून आली तेव्हा या बाईला यीस्ट कोमट पाण्यात घालतात की उकळत्या, एवढंही ठाऊक नव्हतं. शिकवलं कोणी? थोरलीने. आणि आता फुगतो कोणाचा, तर धाकटीचा!

दोघी सुनांमध्ये बोलायची सासऱ्यांची छाती नव्हती. कोणाचा पाव जास्त फुगतो, याचा निवाडा त्यांनी नातीवर सोपवला. थोरलीची मुलगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती आणि दोन सरासरींची तुलना करून आणायचा गृहपाठ तिच्या डोक्यावर होता. एका दगडात दोन पक्षी.

दुपारी ती पट्टी आणि सुरी घेऊन जाळ्यांपाशी उभी राहिली. "आधी असं धरून चालायचं, की आईच्या आणि काकूच्या पावांच्या उंचीत फरकच नाही. ही शून्य परिकल्पना."

"कोणी धरायचं?" थोरली म्हणाली. "मी नाही बाई धरत."

"आई, मोडता येतं का बघायलाच धरायचं. पुरावा मिळाला की मोडायचं."

"शितावरून भाताची परीक्षा म्हण की," सासरे म्हणाले.

"एका शितावरून नाही आजोबा, मूठभर शितं लागतात. आणि इथे पातेली दोन आहेत. चिठ्ठी टाकून निघेल तोच पाव घ्यायचा. आवडीने उचलायचा नाही."

दोघी जावांनी एकदमच माना डोलावल्या.

ताजा पाव वरून कापला तर चेपतो, तो उलटा करून कापावा, हे बेकरीतल्या मुलीला सांगावं लागत नाही. तिने थोरलीच्या जाळीवरचा पहिला पाव उलटा केला. उंच, देखणा, थोरलीने सकाळी पळवलेल्यांतला. त्याच्या पोटावर चिमट्यांची ओळ होती, शिवण घातल्यासारखी.

थोरली पुढे वाकून बघू लागली. गोळ्याचा सांधा चिमटे घेऊन मिटवायची सवय तिची एकटीची. धाकटी सांधा नुसता खाली दुमडते, तिच्या पावाचं पोट गुळगुळीत. मग हा पाव धाकटीच्या जाळीवर गेला कसा?

दुसरा उंच पाव उलटा झाला. चिमटे. तिसरा. चिमटेच. धाकटीच्या जाळीवरून निघत होते ते सगळे गुळगुळीत. थोरलीच्या हळूहळू ध्यानात आलं. तिने आज आपल्याच घरावर दरोडा घातला होता. तिच्या आधी धाकटीने हेच केलं होतं, आणि दोन चोऱ्या एकमेकींत फिटून जमाखर्च चोख झाला होता.

तिने मान वर केली. धाकटीही त्या पोटांकडेच बघत होती, पीठ चोळल्यासारखा चेहरा करून.

"काय गं, बरं वाटत नाही का?" थोरलीने साखर पेरली.

"भट्टीची धग लागतेय, ताई."

"ती तर मघाशीच विझली."

थोरलीला आतून गार वाटलं. जिच्या पावाचं गावभर कौतुक, तिचा डोळा आपल्या पावांवर! ऑर्डर गेली तरी चालेल, असंसुद्धा तिला क्षणभर वाटून गेलं.

मुलीची आकडेमोड संपली. "आईची सरासरी किंचित जास्त आहे."

"मग झालं तर!"

"थांब ना. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही."

"मराठीत सांग," सासरे म्हणाले.

"मराठीतच आहे, आजोबा."

"म्हणजे दोघी सारख्याच?"

"तसंही म्हणता येत नाही. वेगळ्या आहेत असं सिद्ध झालं नाही, एवढंच."

"मला पुरे आहे," सासरे उठत म्हणाले. "ऑर्डर आळीपाळीने. एक दिवस ही, एक दिवस ती."

सासऱ्यांमागून नातही गेली. दोघी कापलेले पाव गोळा करू लागल्या.

"ताई, उद्या तुम्हीच सुरुवात करा," धाकटी खाली बघत म्हणाली.

"करीन हो," थोरली मोठ्या मनाने म्हणाली. हे मोठं मन फार तर दोन पाव उचलेपर्यंत टिकलं. मग तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. पाव भट्टीतून निघाल्यापासून आपण जाळ्यांपासून हललो नाही. फक्त हात धुवायला गेलो होतो. म्हणजे तेवढ्यात? आपल्याला दार लोटावं लागलं, सगळा चहाचा वेळ लागला, वर छाती धडधडत होती ती वेगळीच. आणि हिने हात धुण्याएवढ्या वेळात उरकलं, एकाही पावावर बोट न उमटवता.

थोरलीने तिच्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं. पाव फुगतो तो फुगतो. मेलीला हेसुद्धा आपल्यापेक्षा छान जमावं?