कॅमेऱ्याचं वजन

मालिकेचा कॅमेरामन तापाने आडवा झाला आणि त्याच्या असिस्टंट ताईला वाईट वाटायचं सोडून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतकी वर्षं नुसत्या लेन्स पुसल्या, आज कॅमेरा तिच्या खांद्यावर येणारच. कॅमेरा पेलायचा पट्टा पुरुषी मापाचा, म्हणून आईने सकाळीच दाभणाने नवं छिद्र पाडून दिलं. तो कमरेला आवळून ती सेटवर पोचली, तर डायरेक्टर म्हणाले, “तू कुठे निघालीस लढाईला? दुसरा कॅमेरामन बोलावलाय.” “पण सर, सगळे शॉट मला पाठ आहेत.” “असतील गं, पण वजन केवढंय. बाईमाणसाला नाही झेपायचं.” नव्या माणसाने तिच्याकडून पट्टा घेतला आणि जुन्याच छिद्रात अडकवला. “जा, गाडीतून कॅमेऱ्याची पेटी आण,” डायरेक्टर म्हणाले. रोज तीच आणायची, एकटी, जिने चढून. ताईने सेटवरच्या सोफ्यावर बसकण मारली. “जड आहे सर. बाईमाणसाला नाही झेपायचं.”