लाल दिवा आणि कासव

साठी उलटलेली आई पहिल्यांदाच समुद्राखाली उतरली होती. पाण्याखालचे फोटो काढणाऱ्या लेकीचा हात धरून ती कासवाकडे टक लावून पाहत होती. फोटो निघाला आणि कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीवरचा लाल दिवा लुकलुकू लागला. आत पाणी शिरलं होतं! पण झटकन वर जाणं म्हणजे आईच्या जिवाशी खेळ. पाणी कॅमेऱ्याला न लागता पुढच्या काचेपाशी साचावं म्हणून लेकीने पेटी पालथी धरली आणि आईबरोबर सावकाश वर आली. बोटीवर पेटी उघडली, तर कॅमेरा कोरडा! झाकणाच्या रबरी कड्याखाली पांढरा केस अडकला होता. तिथूनच पाणी झिरपलं. “अगं बाई, माझाच! सकाळी पेटीत डोकावले होते,” आई ओशाळली. लेकीने खदखदून हसत कासवासोबतचा फोटो दाखवला. “उद्या पुन्हा जाऊ,” आई हरखली. “हवं तर बॉयकट करून येते!”