पितळी बिल्ला

वहिनींचा फोन आला, "भावजी, हे चार दिवस जेवले नाहीत, नुसती बंदूक पुसत बसतात." शस्त्रागारात उभी हयात घालवलेला निवृत्त हवालदार तडक पलटणीतल्या मित्राच्या घरी पोचला. विचारपूस नाही, उपदेश नाही, दारातूनच कडाडला, "जवान, हत्यार जमा कर!" जुन्या सवयीने मित्र उठला आणि त्याने बंदूक रिकामी करून हवाली केली. शस्त्रागाराच्या नियमाप्रमाणे हवालदाराने बदल्यात पितळी बिल्ला दिला. "हवी असेल तेव्हा हा घेऊन स्वतः यायचं." "आणि तू दिली नाहीस तर?" "तर भांडायला तरी येशील!" तिसऱ्या सकाळी दार वाजलं. दाढी वाढलेला मित्र, मुठीत बिल्ला. हवालदाराने दार अडवलं. "बंदूक मिळणार नाही." "बंदूक नको रे," बिल्ला पुढे करत मित्र म्हणाला, "मलाच जमा करून घे."