तिसरं गणित

सकाळी साडेअकराला शाळा तपासायला आलेल्या डिपोटी साहेबांनी चौथीला परीक्षेचं पहिलं गणित घातलं. आठ माणसं एक विहीर पंधरा दिवसांत खणतात, तर बारा माणसं किती दिवसांत खणतील? वर्गातल्या पोरांनी पाट्यांवर माना घातल्या. महारवाड्यातला जयवंता बाहेर पडवीत बसला होता. त्यानं लेखणी बाजूला ठेवली आणि कनवटीचा खिळा काढला.

पडवीतली पाटी साहेबांच्या हाती जायची, तर आधी शिपाई धाऊ तिच्यावर पाणी शिंपडायचा. मागच्या परीक्षेत त्या पाण्यानं उत्तर पुसून गेलं आणि जयवंता नापास झाला. या खेपेला तिन्ही गणितं सुटली, तर कर्जतला पाचवीत. नाहीतर सोमवारपासून मामाच्या मागोमाग माथेरानचा डोंगर, डोक्यावर पाहुण्यांच्या ट्रंका. भाकरी बांधून देताना आई, बायजा, एवढंच म्हणाली होती, "आज पान्याला भिऊ नको रं."

खिळा करकरला. मास्तर दारात आले.

"जयवंता, पाटी फोडतोस काय?"

"नाय मास्तर. गणित करतोय."

आत कुणीतरी फिस्सकन हसलं.

धाऊनं पाणी शिंपडलं. पांढरी भुकटी वाहून गेली, खाचा राहिल्या. साहेबांनी पाटी उजेडाकडे तिरकी धरली, आकड्यांवरून बोट फिरवलं.

"दहा. बरोबर."

दुसरं गणित मागच्या बाजूला. तेही बरोबर आलं. साहेबांनी पाटी उलटसुलट करून पाहिली. दोन्हीकडे बोटभर जागा उरली नव्हती.

"आता तिसरं कशावर करणार?"

"तोंडी सांगतो साहेब."

"तोंडी परीक्षा झाली. ही लेखी आहे."

त्यांनी तिसरं गणित सांगितलं. आत लेखण्या चालू लागल्या. जयवंताच्या ओठांवर आकडे हलत होते. समोर नुसती सारवलेली जमीन.

उंबरठ्यावर काहीतरी घासलं. कुणब्यांच्या जिजानं आपली पाटी पुसून बाहेर सरकवली होती. दोघं कडावच्या माळावर गुरं राखायची. तिला हिशोब अडला, की तो लांब बसून धुळीत मांडून दाखवायचा.

"जिजे," मास्तरांचा आवाज चढला, "ती पाटी आता परत आत यायची नाही."

"ऱ्हाऊ दे भायेर."

"मग तू लिहिणार कशावर?"

"मला आलंच नाय मास्तर हे गणित."

या वेळी कुणी हसलं नाही. जयवंतानं साहेबांकडे पाहिलं. त्यानं पाटी ओढून घेतली. दुसऱ्याची पाटी कोरायची नसते. त्यानं खिळा ठेवून लेखणी उचलली. उत्तर लिहून झाल्यावर पाटी पायरीवर ठेवली आणि तो मागे सरला. धाऊ तांब्या घेऊन पुढे झाला.

"थांब," साहेब म्हणाले.

ते खुर्चीवरून उठून दारापर्यंत आले. मागोमाग मास्तर आले. पाटी त्यांच्या पायांशी पडली होती. लेखणीची रेघ बारीक होती, उभ्यानं आकडे लागत नव्हते. वाचायचे तर खाली वाकावं लागणार होतं.